एकमतात मी नाही

प्रभुभोजनाचा रविवार होता. पांढरा झगा घालून मी वेदीपाशी उभा होतो. आमच्या लूथरन मंडळीत पाळकसाहेब पुढे भाकर देत जायचे आणि त्यांच्या मागून मी पेला घेऊन. गुडघे टेकलेल्या माणसाच्या ओठांना पेला लावायचा. त्यानं घोट घेतला की कड पांढऱ्या फडक्यानं पुसायची, पेला थोडा फिरवायचा, पुढच्या माणसाकडे जायचं. हे काम मी दुष्काळ लागल्यापासून करत होतो आणि ते मला नीट जमायचं.

त्या दिवशी मी पेल्याकडे हात नेला आणि खजिनदार साळवे मास्तर मधे आले. निवृत्त शिक्षक, शिस्तीचा माणूस. त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता. ट्रेमध्ये प्लास्टिकचे इवलेसे पेले, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतात तसले. प्रत्येकात घोटभर द्राक्षारस.

"आजपासून असं," ते हळू आवाजात म्हणाले. "स्वच्छतेसाठी."

"आणा, ट्रे मी धरतो."

"नको. तुम्ही बसा."

मी बसलो. झगा घालून, पहिल्या बाकावर. मोठा पेला वेदीवर उपडा राहिला. मंडळी रांगेनं पुढे आली, प्लास्टिकचे पेले उचलून प्यायली, दाराजवळच्या बादलीत टाकून गेली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. एवढी माणसं एकाच माणसाकडे एकाच वेळी पाहत नसतील, तर ती ठरवून पाहत नसतात.

दुष्काळाचं वर्ष होतं. त्याच्या आधीचंही दुष्काळाचंच. जायकवाडी आटलेलं. गावं रिकामी होत होती आणि वाळूजच्या कंपन्यांभोवती पत्र्याच्या खोल्यांत येऊन पडत होती. बजाजनगरात नळाचा नेम नव्हता. आमच्या चर्चच्या आवारात टँकर यायचा. कुणाची पाळी, कुणाला किती हंडे, ही व्यवस्था माझ्याकडे होती. मी एका कंपनीत स्टोअर सांभाळायचो. याद्या करणं, वस्तू जागच्या जागी ठेवणं हा माझा स्वभावच आहे. पूर्वी आमच्याकडे प्रभुभोजनाला काचेचे छोटे पेले होते. ते धुवायला पाणी जातं, म्हणून दुष्काळ सरेपर्यंत सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यावं, ही सूचना मीच मांडली होती. अनुमोदन साळवे मास्तरांचं.

म्हणून घरी जाताना मी हिशेबी विचार केला. प्लास्टिकचे पेले धुवावे लागत नाहीत. बरोबर आहे. पाणी वाचेल. खोलीच्या दारापर्यंत मी यावर विश्वास ठेवला.

आईनं ठेवला नाही. ती माझ्या मागून आली, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसली.

"सोच्छता म्हणं," ती म्हणाली. "इतके दिस समद्यांचं तोंड लागत व्हतं, तवा कुणाला नाय आठवली. लेका, तुझा कप बदलला."

आईच्या गावात चहाच्या हॉटेलाबाहेर एक कोनाडा होता. त्यात आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी. आपण काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच विसळायची, परत ठेवायची. माझा आजा त्या कोनाड्यासमोर म्हातारा झाला. मग गावात मिशनचा एक पाळक आला. त्यानं आजाला पेला दिला, आजानं तोंड लावलं आणि त्याच पेल्याला त्या पाळकानं तोंड लावलं. आजाला अक्षर येत नव्हतं. त्यानं पुस्तक वाचून धर्म घेतला नाही. पेला बघून घेतला.

"त्याच्या नातवाचा कप बदलला," आई म्हणाली. "काय केलंस तू?"

मी काही केलं नव्हतं. सांगितलं होतं.

शनिवार-शनिवार वर्गाला जाऊन मी धर्मशिक्षण पूर्ण केलं होतं. परीक्षा झाल्या होत्या. बजाजनगरच्या मंडळीचा पाळक म्हणून मला दीक्षा मिळणार होती. दीक्षेआधी उमेदवारानं वरिष्ठ पाळकासमोर एकांतात मन मोकळं करायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मी पाळकसाहेबांसमोर बसलो आणि म्हणालो, "मी लग्न करणार नाही. मला बाईची ओढ नाही, कधीच नव्हती. माझं एका पुरुषावर प्रेम आहे."

हे मी पाप म्हणून कबूल केलं नाही. माहिती म्हणून दिलं. स्टोअरमध्ये जे आहे ते आहे म्हणूनच लिहायचं असतं, नाहीतर पुढचं सगळं चुकतं.

पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हे या खोलीत राहील," म्हणाले.

ते खोलीत राहिलं नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एल्डरांच्या बैठकीत गेलं. तिथून ट्रेमध्ये आलं.

आता यामागच्या एका ठरावाबद्दल सांगतो. युरोपातल्या एका लूथरन मंडळीशी आमचं जुनं नातं होतं. त्यांनी आपल्याकडे माझ्यासारख्यांना पाळक व्हायची मुभा दिली. त्यांचे एक पाळक आमच्याकडे येऊनही गेले होते, सोबत त्यांचा जोडीदार. पत्रात त्यांनी तसं स्वच्छ लिहिलं होतं. आमच्या लोकांनी त्या जोडीदाराची ओळख "साहेबांचे सेक्रेटरी" अशी करून दिली, दोघांना हार घातले, फेटे बांधले. त्या रविवारी पेला आधी त्यांच्यापुढे धरायला लावला. धरला मीच. आवारातली बोअर आणि तिच्यावरची मोटार त्यांच्याच देणगीतली. त्यांची मोटार आम्हाला चालत होती. त्यांचा निर्णय चालत नव्हता.

आमच्या सिनडनं, म्हणजे सगळ्या मंडळ्यांच्या वरच्या सभेनं, उलट ठराव केला. असा माणूस पाळक होऊ शकत नाही. ज्याचं वय झालं आणि लग्न नाही, अशा उमेदवारानं लेखी खुलासा द्यावा. आणि शेवटचं कलम असं, की देशाच्या कायद्यातही अशा संबंधांना जागा मिळू नये म्हणून प्रत्येक जिल्ह्यात सरकारला निवेदन द्यावं. शक्यतो इतर धर्मांच्या प्रमुखांना सोबत घेऊन.

अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा जुना कायदा तेव्हा कोर्टात आणि चर्चेत होता. सरकार कोणती बाजू घेणार हे ठरलेलं नव्हतं. सरकार ऐकत होतं.

पेल्यांच्या रविवारनंतर काही दिवसांनी पाळकसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला. एकसारख्या कपांत आला.

"तुझं नाव येत्या रविवारपासून वाचतो," ते म्हणाले.

दीक्षेआधी उमेदवाराचं नाव तीन रविवार मंडळीसमोर वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगायचं. तिसऱ्या रविवारी कुणी उठलं नाही की वाट मोकळी.

"आणि ठराव?" मी विचारलं.

"ठराव कागदावर असतो, माणूस समोर असतो. हे बघ, बुधवारी पालकमंत्री येतायत. दुष्काळाची बैठक आहे विश्रामगृहावर. आपलं शिष्टमंडळ जाणार आहे. निवेदन तू वाच. तुझा आवाज चांगला आहे."

"मी वाचू?"

"तूच. तू वाचलंस की मग कुणी तोंड उघडणार नाही. मास्तरसुद्धा नाहीत."

ते बशीतला चहा शांतपणे प्यायले. मला त्यांचा राग आला नाही, हे लिहून ठेवतो. ते मला वाचवतायत असं त्यांना खरंच वाटत होतं.

रविवारी माझं नाव पहिल्यांदा वाचलं गेलं. कुणी उठलं नाही. आई माझ्या शेजारी ताठ बसली होती. सोमवारी ती एकटी शहरात जाऊन गुलमंडीवरून नव्या झग्याचं पांढरं कापड घेऊन आली. ते मांडीवर घेऊन बसली. कप बदलल्याचं पुन्हा बोलली नाही.

मंगळवारी टँकर आला तेव्हा मी बिरूला सांगितलं. टँकर तोच चालवायचा. धनगराच्या घरचा. दुष्काळात मेंढरं विकावी लागली तेव्हा अंबडकडून वाळूजला आला आणि स्टेअरिंगवर बसला. चर्चच्या आवारातच त्याची-माझी ओळख झाली. ज्या पुरुषाबद्दल मी पाळकसाहेबांना सांगितलं होतं, तो हा.

"वाचून टाका की," पाइप सोडत तो म्हणाला. "कागदच हाय. मी नाय का दर साली घरी सांगत, बायकू बघतोय म्हणून?"

"ते तू घरात सांगतोस. हे सरकारला सांगायचंय."

"सरकारला काय खरं सांगत्यात व्हय कुणी?" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "तुमचा देव लई चौकश्या करतो राव. आमचा बिरोबा बरा. मेंढरं नीट राखली का, एवढंच इचारतो."

"मेंढरं तर तू विकलीस."

"म्हणून तर तिकडं जात नाय."

बुधवारी विश्रामगृहावर गर्दी होती. व्हरांड्यात गंगापूरकडच्या एका गावातल्या बाया रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून आत सोडलं नव्हतं. आमचं शिष्टमंडळ आलं तेव्हा मंत्र्यांचे पीए स्वतः बाहेर आले. पाळकसाहेब, साळवे मास्तर, एक मौलाना, एक महाराज, आणखी दोन-तीन धर्मांची माणसं. सगळे एकमेकांना "तुम्ही पुढे, तुम्ही पुढे" करत होते. एरवी या माणसांना एका मांडवात आणायचं तर पोलीस बंदोबस्त लागतो.

एका बाईनं माझ्या झग्याकडे बघून विचारलं, "तुमचं बी पाण्याचंच का, दादा?"

"नाही."

"मंग कशाचं?"

मी झग्याची बाही सावरली.

"पाण्याहून बी मोठं काय काढलं बाई," ती शेजारणीला म्हणाली आणि तिनं हंडा सरकवून आम्हाला वाट दिली.

आत एसी होता. मंत्री सोफ्यावर. आम्हाला पाहून मोकळं हसले. "या, या. सगळे धर्म एकत्र? वा. कधीतरी पाण्यासाठीही असे एकत्र या."

सगळे हसले. पाळकसाहेबही. मी नाही. ते गमतीत बोलले होते, पण त्या खोलीत त्यांच्याइतकं खरं तोवर कुणी बोललं नव्हतं. हे सगळे पाण्यासाठी एकत्र आले नव्हते. माझ्यासाठी आले होते.

पाळकसाहेबांनी कागद माझ्या हातात दिला. मी उभा राहिलो. पहिला परिच्छेद वाचला. आदरणीय, माननीय, संस्कृती, कुटुंब. माझा आवाज चांगला होता. कागद हलत नव्हता. डोळ्यांच्या कडेनं मला साळवे मास्तर दिसत होते. ते मान डोलवत होते, शाळेत नीट वाचणाऱ्या मुलापुढे डोलवतात तशी.

दुसरा परिच्छेद असा होता: "आमच्या समाजात अशा व्यक्ती नाहीत. ही बाहेरून आलेली विकृती असून तिला कायद्याने मान्यता देऊ नये, अशी समस्त ख्रिस्ती समाजाची एकमताने मागणी आहे."

मी "आमच्या समाजात" एवढं म्हणालो आणि थांबलो.

मला आजाचा कोनाडा आठवला नाही. आईच्या मांडीवरचं कापडही नाही. खरं सांगायचं तर मला स्टोअर आठवलं. माल रॅकवर समोर दिसतोय आणि कुणीतरी म्हणतंय, शिल्लक शून्य लिही.

"साहेब," मी म्हणालो, "पुढचं वाक्य खोटं आहे. आमच्या समाजात अशा व्यक्ती आहेत. मी आहे. मी ख्रिस्ती आहे, या चर्चचा आहे, आणि या एकमतात मी नाही."

मौलानांनी मान खाली घातली. महाराज माझ्याकडे टक लावून बघत होते. मंत्र्यांनी पीएकडे पाहिलं. "हे कोण?"

"साहेब, त्यांची तब्येत जरा बरी नसते," साळवे मास्तर घाईनं म्हणाले.

"माझी तब्येत ठीक आहे."

मंत्री रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. निदान ऐकलं असं म्हणता आलं असतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "तुमचं आपसातलं तुम्ही बघा. निवेदन ठेवा. तुमच्या भावना मी वर पोचवतो. एवढे सगळे समाज एकत्र म्हणतात म्हटल्यावर सरकारला विचार करावाच लागेल."

कागद माझ्या हातातून काढून घेतला गेला. सगळे फोटोसाठी उभे राहिले. पीएनं माझ्या दंडाला हात लावला, सभ्यपणे. "तुम्ही जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. फोटो निघाला.

व्हरांड्यात पाळकसाहेबांनी मला गाठलं. त्यांचे डोळे भरले होते. "मी तुला वेदी देत होतो रे."

"तुम्ही मला वेगळा कप देत होता, पाळकसाहेब," मी म्हणालो.

हंडेवाल्या बाया अजून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, सर्वधर्मीयांचा एकमुखी विरोध. फोटोच्या डाव्या कडेला माझ्या झग्याची बाही तेवढी आली होती. पुढे काही महिन्यांनी तेच मंत्री टीव्हीवर म्हणाले, आम्ही सर्व धर्मांच्या प्रमुखांशी बोललो, कुणालाही हे मान्य नाही. बसल्या जागी मला समजलं, गोष्टी कशा चालतात. एका लहान पंथाच्या लहान खोलीत एक ठराव होतो. तो राबवायला आधी एका माणसाचा पेला काढून घ्यावा लागतो. मग तो माणूस नाहीच, असं लिहावं लागतं. मग ते लिहिलेलं सरकारच्या तोंडून बाहेर येतं आणि देशाचं मत होतं.

पुढच्या रविवारी माझं नाव वाचलं गेलं नाही. त्या जागी सिनडचा ठराव वाचला, पूर्ण. मंडळीला विचारलं, कुणाची हरकत? मी उठलो. "माझी आहे." पाळकसाहेबांनी पान उलटलं आणि स्तोत्राचा क्रमांक सांगितला.

आई माझ्या बाकावरून उठून मागे जाऊन बसली. घरी आल्यावर म्हणाली, "मंत्र्याम्होरं कशाला बोललास? चर्चमंदी बोलला असतास तर घरातलं घरात राह्यलं असतं."

"घरातून त्यांनीच बाहेर नेलं, आई."

"तुझं खरं हाय," ती म्हणाली. "पर मला आता तिथं बसाया जागा कुठली, सांग." झग्याचं कापड तिनं ट्रंकेत ठेवलं आणि ती वारली तेव्हा ते ट्रंकेतच होतं.

बिरू एकदाच भेटला. टँकरच्या केबिनमधून उतरलाच नाही. "बोललात ते झाक केलंत," म्हणाला. "पर माझं नाव कुठं आलं नाय ना?"

"नाही."

"येऊ देऊ नका." त्यानं गिअर टाकला. त्या आठवड्यात टँकरवर दुसरा ड्रायव्हर आला. बिरू पुण्याकडे गेला असं कळलं. त्याचं खरं नाव मी इथंही लिहिलेलं नाही.

मग प्रभुभोजनाचा पुढचा रविवार आला. मी साध्या कपड्यात रांगेत गेलो, गुडघे टेकले, उजव्या हाताखाली डावा हात धरून ओंजळ पुढे केली. पाळकसाहेबांनी माझ्या उजवीकडच्याला भाकर दिली. मग डावीकडच्याला दिली. मधे माझे हात होते. ट्रे माझ्या डोक्यावरून गेला. मी रांग उठेपर्यंत हात तसेच ठेवले.

याला बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं. वाळूजची वस्ती रस्त्याला धरून इतकी पसरली की शहर कुठं संपतं ते कळत नाही. टँकर अजून येतात. तो कायदा बदलला, थोडा. कोर्टानं बदलला, सरकारनं नाही, चर्चनं तर नाहीच. सिनडचा ठराव तसाच आहे. लग्नाच्या हक्काचा प्रश्न निघाला तेव्हा पुन्हा निवेदन निघालं. नवे पाळक आहेत, नवे खजिनदार. मजकूर तोच. एकमताने.

मला लोक विचारतात, तू दुसऱ्या चर्चला का जात नाहीस? काही मित्र म्हणतात, धर्मच सोड. दोन्ही सल्ले चांगल्या मनानं दिलेले आहेत आणि दोन्ही मला उठवून बाहेर पाठवणारे आहेत. मी गेलो तर त्यांचं वाक्य खरं होतं. आमच्या समाजात अशा व्यक्ती नाहीत. मग लिहा खुशाल.

म्हणून मी जात नाही. कोणतं शिष्टमंडळ कधी, कुणाला भेटणार, हे शोधून काढायला मला फार वेळ लागत नाही. व्यवस्था लावणं हेच माझं काम होतं. मी तिथं आधी पोचतो. माझा एक कागद असतो, त्यावर माझं नाव, पत्ता, चर्च आणि एक वाक्य: हे एकमत खोटं आहे. कधी पोच देतात, कधी शिपाई हाकलतो.

आणि प्रभुभोजनाच्या रविवारी मी रांगेत जातो. गुडघे आता दुखतात, तरी टेकतो. हात पुढे करतो. माझ्या हातावर भाकर ठेवा, नाहीतर सगळ्यांच्या देखत मला वगळून पुढे जा. दोन्हीपैकी काहीतरी तुम्हाला दर वेळी करावं लागेल. मी असताना मी नाही असं तुम्हाला लिहिता येणार नाही. जोवर मी त्या रांगेत आहे तोवर तुमचं एकमत खोटं आहे, आणि मरेपर्यंत मी ते खोटंच ठेवणार आहे.